विश्रामबागच्या टूरवाल्यांबरोबर थायलंड: सहा दिवस आणि त्याआधीची एक संध्याकाळ

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतो. हंगामात आम्हाला जागचं हलता येत नाही, त्यामुळे दिवाळी झाली की बाहेर पडायचं, असा घरचा शिरस्ता. 2024 च्या नोव्हेंबरात आई आणि बायकोला घेऊन थायलंडला जाऊन आलो. विश्रामबागमधले एक छोटे टूरवाले आहेत, त्यांच्याकडून. बावीस माणसं, सहा दिवस, मुंबईहून विमान. त्यांना पाचपैकी चार देतो. त्यातले तीन निघायच्या आधीच्या एका संध्याकाळचे आहेत.

निघायच्या आठवडाभर आधी त्यांनी सगळ्यांना ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये बोलावलं. मला वाटलं, पासपोर्ट आणि डॉलरचं काहीतरी असेल. आमच्याबरोबर येणाऱ्या टूर मॅनेजर ताई मिरजेच्या. त्यांनी सगळ्यांना सतरंजीवर बसवलं, समोर स्टुलावर बुद्धाची तसबीर ठेवली आणि म्हणाल्या, "आता ज्यानं त्यानं आपले पाय कुठं आहेत ते बघा." निम्म्या लोकांचे तळवे तसबिरीकडं! थाई माणसाच्या लेखी डोकं सगळ्यात पवित्र आणि पाय सगळ्यात हलके. देवळात बसताना पाय मागं दुमडून घ्यायचे, कुणाला ओलांडून जायचं नाही, देवळाच्या उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, लेकराच्या डोक्यावरून मायेनंसुद्धा हात फिरवायचा नाही. आई म्हणाली, "अगं, देवापुढं पाय पसरून आपल्यात तरी कोण बसतंय?" खरंच आहे. नवं असं त्यात फार थोडं होतं. आपण घरी पाळतो आणि परगावी गेलो की विसरतो, तेच ताई परत आठवून देत होत्या.

मग नमस्कार. त्याला तिकडं 'वाय' म्हणतात. हात आपल्यासारखेच जोडायचे, पण समोरचा जेवढा मोठा तेवढी बोटं वर: बरोबरीच्याला हनुवटीपाशी, वडीलधाऱ्याला नाकापाशी, भिक्खूला कपाळापाशी. धाकट्यानं आधी करायचा. हॉटेलातल्या पोऱ्यानं केला तर हसून मान हलवली तरी चालतं. भिक्खू उलट वाय करत नाहीत, त्याचा राग मानायचा नाही. बरोबर 'सवाद्दी' म्हणायचं. हा शब्द आपल्या 'स्वस्ति'वरून आलेला. पुरुषांनी पुढं 'ख्रप' लावायचं, बायकांनी 'खा'. नाव माहीत नसलं तर वयानं मोठ्याला 'पी' आणि धाकट्याला 'नोंग' म्हणायचं, म्हणजे आपलं दादा-ताई आणि बाळ. त्या रात्री आमच्या घरात सगळे एकमेकांना वाय करत होते.

राजाबद्दल ताईंनी आवाज बदलून सांगितलं. राजघराण्याचा अपमान हा तिथं फौजदारी गुन्हा, कलम 112, एकेका गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं कैद. नोटेवर राजाचा फोटो असतो, म्हणून वाऱ्यानं उडालेली नोट पायानं अडवायची नाही. आणि मराठीत बोलतोय, कुणाला कळतंय, असं समजून बसमध्येही थट्टा नको. हे इतकं स्पष्ट सांगितलं ते फार बरं केलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी एका वाक्यात उरकली: "तिथं आवाज चढवू नका." मला सगळ्यात जास्त गरज याच गोष्टीची होती. सौद्याच्या वेळी यार्डात जो कलकलाट असतो, त्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मोठ्यानं बोलणं म्हणजे भांडण, असं आमच्याकडं कुणी मानत नाही.

बँकॉकच्या हॉटेलात आईसाठी वेगळा पलंग कबूल झाला होता, खोलीत एकच मोठा पलंग निघाला. मी खाली काउंटरवर गेलो आणि यार्डातल्या आवाजात बोललो. काउंटरवरची मुलगी विशी-बाविशीतली. ती हसत राहिली. मला वाटलं, हसतेय म्हणजे काम होणार. मी आणखी चढलो. ती आणखी हसली, मग नजर खाली गेली आणि हात कीबोर्डवरून उठून मांडीवर गेले. पाऊण तास काही हललं नाही. शेवटी ताई आल्या. त्यांनी वाय केला, 'खो थोत' म्हणजे माफ करा म्हणाल्या, काउंटरला टेकून हळू आवाजात दोन मिनिटं बोलल्या. दहा मिनिटांत जादा पलंग वर आला. नंतर ताईंनी समजावलं, की ते हसू होकाराचं नव्हतं, अवघडल्याचं होतं. चारचौघांत ओरडलं की ओरडणारा आणि ऐकणारा दोघांचीही लाज जाते, आणि लाज गेली की तिथं कुणी पुढं काही करत नाही. सकाळी त्या मुलीपुढं जाऊन मी स्वतः 'खो थोत' म्हणालो. ती धाकटी, तरी हात माझेच आधी जोडले गेले. पाय कुठं ठेवायचे यावर अर्धा तास देणाऱ्या ताईंनी आवाजावर निदान दहा मिनिटं द्यायलाच हवीत.

दोन चुका टूरवाल्यांच्या. राजवाड्यात आणि तिथल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हे त्यांच्या छापील कागदावर नव्हतं. आमच्यातल्या दोघी दारातच अडकल्या आणि उन्हात पायजमे विकत घेत बसल्या. दुसरी चूक, सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 ला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं हे कुणी बोललंच नाही. मेट्रो स्टेशनवर सगळे जागच्या जागी थांबले आणि आमचे बावीस जण गप्पा मारत पुढं चालले. फार वाईट वाटलं.

जेवणाचं चोख होतं. 'जे' हा एक शब्द पाठ करा, पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरात असतो. मांस, अंडं, माशाचा सॉस यातलं काही नाही, कांदा-लसूणही नाही. बरोबरचं जैन कुटुंब त्यावरच खूश होतं. चमचा उजव्या हातात, काट्यानं भात चमच्यात ढकलायचा, काटा तोंडात घालायचा नाही. पट्टायाचा दिवस नसता तरी चाललं असतं. बँकॉकच्या वाट फो या देवळातला निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे. त्याच्या तळव्यांवर शिंपल्यात जडवलेली 108 शुभचिन्हं आहेत. आकडा ऐकून आई तिथंच जपमाळ काढून उभी राहिली.

आणि 15 तारखेची रात्र. आपली त्रिपुरी पौर्णिमा, त्यांचा लॉय क्राथोंग, म्हणजे पाण्यावर क्राथोंग सोडायचा सण. क्राथोंग म्हणजे केळीच्या खोडाची चकती, भोवती घड्या घालून टाचलेली केळीची पानं, मधे झेंडू, उदबत्त्या आणि एक मेणबत्ती. ज्या नदीची ते माफी मागतात तिला म्हणतात 'फ्रा मे खोंगखा'. खोंगखा म्हणजे गंगाच. ताईंनी सांगून ठेवलं होतं, की मनातलं बोला, कपाळाला लावा आणि पाण्यावर ठेवा, टाकू नका. आई दर त्रिपुरीला कृष्णेत द्रोणातला दिवा सोडते. 2019 च्या ऑगस्टात पाणी आमच्या माडीच्या पायऱ्यांपर्यंत आलं, तेव्हापासून ती नदीशी जरा भीतच बोलते. त्या रात्री ती बराच वेळ क्राथोंग कपाळाला लावून उभी होती. मग खाली वाकता येईना, गुडघे. शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा एक थाई मुलगा होता. त्यानं आधी नाकापाशी बोटं नेऊन आईला वाय केला. मग आईच्या पुढून जाताना इतका वाकला की त्याचं डोकं तिच्या खांद्याच्या खाली राहिलं. दोन्ही हातांनी क्राथोंग घेतला, पायरीवर पालथा होऊन पाण्यावर ठेवला आणि हातानं पाणी मागं सारून त्याला धारेला लावून दिलं. आईनं सवयीनं त्याच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला होता. मधेच तिला आठवलं. तिनं हात मागं घेतला आणि जोडला.

परत आल्यावर मी ऑफिसात जाऊन मालकांना कपड्यांचं, राष्ट्रगीताचं आणि आवाजाचं, तिन्ही सांगितलं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या खेपेला माझा धाकटा भाऊ जाणार आहे. त्याचा छापील कागद हातात आला की यातलं किती उतरलंय ते इथंच लिहीन.