वीतभर खोलीचं यंत्र : नागपूरच्या मातीत नोक्टा सिम्प्लेक्स प्लस

नागपुरात मेटल डिटेक्टरचा विषय काढा, पाचव्या मिनिटाला भोसल्यांचा खजिना निघतोच. कोणी महालातल्या भुयाराचं सांगतं, कोणी कन्हानकाठच्या एखाद्या पिंपळाखालच्या हंड्याचं. हंडा नेहमी पुरुषभर खोल असतो, वर भुजंग राखणीला असतो आणि हंडा दिसायला पायाळू माणूस लागतो. नोक्टा कंपनीचा सिम्प्लेक्स प्लस हा मेटल डिटेक्टर घेण्याआधी एवढंच ध्यानात ठेवायचं की या यंत्राला पुरुषभर खोलीचं काही कळत नाही. रुपयाएवढं नाणं ते वीतभर खोलीवर ओळखतं. तांब्याचा मोठा हंडा असेल तर हात-दीड हातापर्यंत मजल जाते. त्याखाली काय आहे, ते यंत्राच्या लेखी नाहीच.

ही काही एका कंपनीची उणीव नाही. कॉइलमधून, म्हणजे यंत्राच्या टोकाला असलेल्या तारेच्या चकतीतून, निघालेलं चुंबकीय क्षेत्र खाली जाताना झपाट्याने विरळ होतं, धातूतून उठलेला प्रतिसादही वर येताना तसाच विरळ होतो. छोट्या वस्तूची खोली दुप्पट झाली की सिग्नल निम्म्यावर येत नाही, साधारण चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून ‘दहा मीटर खोल’, ‘एक किलोमीटरवरून सोनं दाखवणारं’ अशी जाहिरात दिसली की दुकानातून सरळ बाहेर पडावं. हातात धरायची मूठ आणि समोर हलणारी अँटेना असली ही ‘लाँग रेंज’ यंत्रं आत बहुतेक रिकामीच असतात. याच घाटाचं एडीई ६५१ नावाचं खेळणं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली.

आता यंत्राकडे. १२ किलोहर्ट्‌झ ही एकच फ्रीक्वेन्सी, २८ सेंटिमीटरची डीडी (आत दोन ‘डी’ आकाराची वेटोळी असलेली) कॉइल, वजन १.३ किलो. दांडा ६३ ते १३२ सेंटिमीटरपर्यंत लांबतो, दुमडला की पिट्टूत मावतो. आख्खं यंत्र ३ मीटर पाण्यात चालतं, त्यामुळे नाल्यात उतरताना जीव वरखाली होत नाही. बॅटरी आत बसवलेली आहे, एका चार्जवर साधारण १२ तास धरा. ती काढून दुसरी टाकता येत नाही, म्हणून दिवसभर शेतात राहायचं तर पॉवर बँक हवी. चार्जिंगची वायर चुंबकाने चिकटते. तिच्या टोकाला लोखंडाचा कीस किंवा काळी रेती चिकटलेली असेल तर नीट बसत नाही, लावण्याआधी पुसून घ्या. मे महिन्यात यंत्र बंद कारमध्ये ठेवून जेवायला जाऊ नका. नागपूरच्या उन्हात लिथियम बॅटरीचं आयुष्य असंच सरतं.

हे मॉडेल सुचवण्याचं खरं कारण ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज गाळण्याचा समतोल. इथे तो जागेवर जुळवता येतो. या किमतीच्या आसपासच्या बऱ्याच यंत्रांत तो कारखान्यातूनच ठरून येतो, गॅरेट कंपनीच्या एस ४०० मध्येही तसंच आहे. वाळूत ते खपून जातं. नागपूर मात्र दोन खडकांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेला हिंगणा-काटोलकडे बेसाल्ट आणि त्याची काळी कन्हार, पूर्वेला कामठी-कन्हानकडे वाळूचा दगड आणि जुना पट्टेदार खडक. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, आणि यंत्राला ती मातीच धातूसारखी वाटते. बरडी जमिनीवर तर पायाखालचा प्रत्येक गोटा वाजतो. मनसर-कांद्रीच्या मँगनीज पट्ट्यातही काही दगड असेच फसवतात.

बॅलन्स असा करायचा : आसपास धातू नाही अशी जागा शोधा, जीबीचं (ग्राउंड बॅलन्सचं) बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून १५-२० सेंटिमीटरवरून ३ सेंटिमीटरपर्यंत खालीवर करत राहा. मातीचा आवाज मिटला की बटण सोडा. पडद्यावर येणारा आकडा लिहून ठेवायची सवय लावा. कन्हारीतून मुरमात शिरलात की तो बदलतो, आणि बदलला की पुन्हा बॅलन्स. लोक इथेच आळस करतात आणि मग ‘यंत्र खराब निघालं’ म्हणून तक्रार करतात. तरीही बडबड थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी एक-दोन घरं खाली आणा. खोली थोडी जाते, पण जो सिग्नल येतो तो ऐकण्याजोगा असतो.

बडबड मातीचीच असेल असंही नाही. कोराडी-खापरखेड्याच्या हायटेन्शन तारांखाली, किंवा मेट्रोच्या २५ हजार व्होल्टच्या वायरजवळ कॉइल हवेत स्थिर धरूनही यंत्र कुरकुरतं. तेव्हा फ्रीक्वेन्सी शिफ्ट, म्हणजे फ्रीक्वेन्सी किंचित सरकवायची सोय, वापरा, नाहीतर सरळ जागा बदला. खिशातला मोबाईलही दूर ठेवा.

पडद्यावरचे आकडे ० ते ९९. १५ पर्यंत लोखंड, वर बाकीचे धातू. १८३५ नंतरचा ईस्ट इंडिया कंपनीचा चांदीचा रुपया, ११.६६ ग्रॅमचा, वरच्या टोकाला स्वच्छ बोलतो. आजचं रुपयाचं आणि दोनचं स्टीलचं नाणं मात्र चुंबकाला चिकटतं, म्हणून ते लोखंडाच्या बाजूला जातं. लोखंडाचे आकडे बंद करून फिरलात तर तुमच्याच खिशातून पडलेलं नाणंही सापडणार नाही. सोन्याची अंगठी मधल्या आकड्यांत येते, आणि गोळ्यांच्या पाकिटाचं फॉइल व बाटलीची बुचंही तिथेच येतात. नशीब, खर्ऱ्याची पन्नी वाजत नाही. नाहीतर फुटाळा तलावाच्या काठावर यंत्र सुरूच करता आलं नसतं. मोठा सपाट पत्रा किंवा नांगराचा फाळ चांदीसारखा उंच आकडा दाखवून हमखास फसवतो. अशा वेळी कॉइल हळूहळू मागे ओढा आणि टोक वस्तूच्या कडेवर आणा. लोखंड असेल तर आवाज तुटतो, कुरकुरतो. मग नव्वद अंशांत फिरून पुन्हा पाहा. दोन्ही दिशांनी आकडा एक-दोनच्या फरकाने तोच आला तर खणा. गोटा असेल तर एकीकडूनच वाजतो आणि कॉइल चार बोटं उचलली की आवाज मरतो.

खणायला फावडं नको. अरुंद पात्याची खुरपी, धातूची नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा छोटा पिनपॉइंटर आणि माती टाकायला गोणपाट एवढं पुरे. पिनपॉइंटर नसेल तर ओंजळभर मातीत नाणं शोधण्यात अर्धा तास जातो, आणि खुरपीचा ओरखडा पडतो तो वेगळाच. काळी माती पावसाळ्यात हत्याराला चिकटते, मेमध्ये विटेसारखी होते. सोयाबीन निघून नांगरट झाली की नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस उत्तम. अर्थात शेतमालकाला विचारून, आणि शक्यतो त्याच्या देखत.

कुठे जाऊ नये, हे कुठे जावं त्याहून महत्त्वाचं. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे. नोव्हेंबर १८१७ ची लढाई तिथे झाली म्हणून आजही काहींचे पाय तिकडे वळतात. १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, डलहौसीने राज्य खालसा केलं आणि राजवाड्यातल्या जडजवाहिराचा लिलाव कलकत्त्यात झाला. खजिना कुठे गेला याचं बरंचसं उत्तर त्या लिलावातच आहे. मनसर आणि नगरधन या उत्खनन झालेल्या जागी कॉइल फिरवायचा विचारही सोडा, संरक्षित जागेत परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. गंमत म्हणजे नगरधनच्या उत्खननात गाजलेली वस्तू होती वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची मुद्रा, आणि ती मातीची. जगातलं कोणतंही मेटल डिटेक्टर तिच्यावरून गप्प निघून गेलं असतं. गुप्तधनासाठी कोणी पूजा-बळीची भाषा काढली तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, उठून निघा.

आणि खरंच काही सापडलं तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडवलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू निघाली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं : काय आणि अंदाजे किती, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जामीन द्यायचा. लपवली तर वर्षभर कैद, दंड किंवा दोन्ही, आणि हिस्साही जातो. धन बेवारस ठरलं आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, चौथा मालकाचा. सरकारने ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. मालकाशी लेखी करार आधीच करा, सापडल्यावर माणसं बदलतात.

दुकानात बिलावर यंत्राचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कोण देणार ते विचारा. कॉइलच्या केबलला पीळ पडलेला नाही ना, तेही तिथेच पाहा. आता याच घराण्यातले लाइट, बीटी, अल्ट्रा हे प्रकारही मिळतात; जुना प्लस स्वस्तात मिळाला तर घ्यायला हरकत नाही. मिळालेलं नाणं साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. चिंच-मीठ लावून चकचकीत केलेला रुपया इतवारीतला सराफही कपाळाला आठ्या घालूनच हातात घेतो.