पहिली ट्रायथलॉन: चॅरिटी टीमबरोबर, क्लबात की एकट्याने?

अमेरिकेत राहणाऱ्या आणि पहिली ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) करायचं मनावर घेतलेल्या मराठी माणसापुढे साधारण तीन वाटा असतात: एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करत सराव करणाऱ्या चॅरिटी टीममध्ये जाणं, जवळच्या ट्रायथलॉन क्लबचं सभासद होणं, किंवा तयार वेळापत्रक घेऊन आपला आपण सराव करणं. बहुतेक जण खर्चाचा हिशेब करून ठरवतात. माझ्या मते आधी पाण्याचा विचार करावा.

कारण सायकल आणि धावणं एकट्याने जमतं. स्प्रिंट या छोट्या प्रकारात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. ऑलिम्पिक अंतर म्हणजे याच्या बरोबर दुप्पट. रोज तासभर घाम गाळणारा माणूस सायकलवरून उतरून कसाबसा का होईना, धावतोच. पोहण्याचं तसं नाही. आपल्यापैकी अनेक जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकले. त्यातून पाण्याची भीती गेली, ही मोठी गोष्ट झाली. पण डोकं पाण्यात ठेवून, लयीत श्वास घेत दीड किलोमीटर फ्रीस्टाइल मारणं ही वेगळी विद्या आहे. त्यात तलावात किंवा समुद्रात तरणतलावासारखी तळाशी काळी रेघ नसते आणि धरायला भिंतही नसते. थंड पाण्यात शिरताच धाप लागते, आजूबाजूच्यांच्या लाथा बसतात, दर थोड्या वेळाने मान वर काढून दिशा बघावी लागते. ट्रायथलॉनमध्ये होणारे बहुतेक मृत्यू पोहण्याच्या टप्प्यात होतात आणि त्यात पुरुष जास्त असतात. म्हणून चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या, आणि खुल्या पाण्यात कधीही एकट्याने उतरू नका.

चॅरिटी टीमचं पारडं इथेच जड होतं. या प्रकारातलं सगळ्यात जुनं आणि मोठं नाव टीम इन ट्रेनिंग. ब्रूस क्लेलंड यांच्या लहान मुलीला, जॉर्जियाला, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. १९८८ मध्ये त्यांनी ३८ जणांना गोळा केलं; सगळे न्यूयॉर्क मॅरेथॉन धावले आणि ल्युकेमिया सोसायटीसाठी ३ लाख २२ हजार डॉलर उभे राहिले. त्यातूनच ही टीम झाली, आणि पुढे सायकल, ट्रायथलॉन असे प्रकार जोडले गेले. अशा टीममध्ये साधारण चार-पाच महिन्यांचा आखीव सराव, कोच, आदल्या हंगामात हे सगळं करून आलेले मार्गदर्शक आणि गटाने खुल्या पाण्यात उतरायची सोय मिळते. सायकल संपताच लगेच धावायचा सराव, म्हणजे ब्रिक, आणि ट्रान्झिशनमधल्या, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाच्या बारीकसारीक गोष्टी (सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा बंद हवा, वगैरे) तिथे घोटून घेतात. शिवाय आजारातून बरी झालेली किंवा अजून उपचार घेत असलेली माणसं टीमच्या सोबत असतात. पहाटे पाचला उठायचा कंटाळा आला की त्यांचा चेहरा आठवतो. हे बळ क्लबात विकत मिळत नाही.

मात्र याची किंमतही आहे. देणगीचं किमान उद्दिष्ट काही हजार डॉलरपर्यंत जाऊ शकतं. पुष्कळ ठिकाणी ठरलेल्या तारखेपर्यंत माघार घेता येते. त्यानंतर रक्कम कमी पडली तर फरक तुमच्या कार्डावरून वसूल होतो. पैसे मागणं आपल्याला जड जातं. गणपतीच्या वर्गणीला चार जण मिळून दारोदार जातात, इथे देणगीचं वेबपान तुमच्या एकट्याच्या नावाचं. पण आपल्या माणसांना कारण मनापासून सांगितलं तर ती देतात, आणि तुमची कंपनी मिळालेली देणगी दुप्पट करून देत असेल तर अर्धं काम तिथेच होतं. माझा आग्रह एवढाच, की जवळपासची स्पर्धा निवडा. विमान-हॉटेलसकट पॅकेज घेतलं की उद्दिष्ट वाढतं आणि लोकांच्या देणगीतला वाटा तुमच्या प्रवासावर जातो.

क्लब स्वस्त असतो, आणि अनुभवी माणसंही भरपूर भेटतात. आधी पोहण्याच्या स्पर्धा केलेल्याला किंवा मॅरेथॉन धावलेल्याला मी क्लबच सुचवेन. अगदी नवख्याला मात्र वेगवान गटात मागे पडल्यासारखं वाटू शकतं. नवशिक्यांसाठी वेगळा गट आहे का, हे विचारून घ्या. एकट्याचा सराव लहान मुलं किंवा पाळ्यांची नोकरी असलेल्यांना सोयीचा. त्यांनी स्प्रिंटच करावी, आणि खुल्या पाण्यासाठी सोबत शोधावी.

भारतात असाल तर गोव्यात मिरामारला २०१९ पासून आयर्नमॅन ७०.३ ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन होते: १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. पहिल्याच खेपेला हे एकट्याने पेलणं अवघड. तिघांनी वाटून घ्यायचा रिले हा चांगला पर्याय. संस्थेसाठी निधी उभारत धावायची पद्धत मुंबई मॅरेथॉनमध्ये चांगली रुळली आहे, तिथून सुरुवात करता येते.

नाव नोंदवण्याआधी तरणतलावात न थांबता ४०० मीटर फ्रीस्टाइल पोहून पाहा. जमलं, तर टीमच्या माहिती-बैठकीला जा आणि तीन गोष्टी विचारा: खुल्या पाण्यातले सराव किती, त्या वेळी पाण्यात लक्ष ठेवायला कोण असतं, आणि माघारीची शेवटची तारीख कोणती. नाही जमलं, तर हा हंगाम पोहण्याच्या शिकवणीला द्या. टीमचे कोच शैली सुधारतात, पण मुळापासून पोहायला शिकवणं सहसा त्यांच्या कार्यक्रमात नसतं.