हिवाळ्यातली सकाळ: अंबाझरी, सेमिनरी हिल्स की घरचं अंगण?

नोव्हेंबर लागला की ओळखीतलं कोणी ना कोणी हे विचारतंच. कोणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कोणी मुंबई-पुण्याहून दोन महिने आईवडिलांजवळ राहायला आलेलं असतं. सकाळचे दोन तास हाताशी आहेत, हवा छान आहे. थोडं चालणं व्हावं, चार पक्षी दिसावेत आणि उरलेला दिवस घरात निवांत जावा, एवढीच इच्छा. मग जायचं कुठे?

मी पश्चिम नागपुरात राहतो. अंबाझरी तलावावर नेमाने जाऊन झालं, सेमिनरी हिल्सची टेकडी झाली, आणि आईचं बाहेर फिरणं बंद झाल्यापासून गेले काही हिवाळे सकाळ बहुतेक अंगणातच जाते. तिन्हींचं मला जे वाटतं ते सांगतो.

त्याआधी एक ठरवून टाका. तुम्हाला चालायचं आहे की पाहायचं आहे? दोन्ही म्हणाल, तर दोन्हींना वेगळी वेळ द्या. शुगर-बीपीसाठी चालणं म्हणजे श्वास थोडा वाढेल इतकं झपझप चालणं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पक्षी पाहायचा तर दहा पावलांवर थांबावं लागतं, मान वर करून उभं राहावं लागतं, कधी पाच मिनिटं एकाच झुडपासमोर काढावी लागतात. मी दोन हिवाळे हे दोन्ही एकत्र करत होतो. घामही येत नव्हता आणि पक्षीही नीट दिसत नव्हता. बरोबरचे लोक पुढे निघून जात, आणि मी घाईने त्यांना गाठायला निघालो की मागे कुठेतरी टकाचोर ओरडे. वेळा वेगळ्या केल्या आणि दोन्ही जमू लागलं.

वेळेबद्दलही सांगून ठेवतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातला काही मिनिटं कमी असताना उगवतो. पाचला उठून निघणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण थंडीत त्या वेळी गार हवा जमिनीलगत साचलेली असते आणि शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर तिच्यातच अडकून राहतो. घरात कोणाला दमा असेल तर ऊन पडल्यावरच निघा. पक्ष्यांच्या दृष्टीनेही त्यात काही बुडत नाही. ऊन लागलं की किडे हलतात, आणि किडे हलले की त्यांच्यावर जगणारे पक्षी झुडपांतून बाहेर येतात. सात ते नऊ ही वेळ सोन्यासारखी. नऊनंतर स्वेटर अंगावर ठेववत नाही. पहाटे १२-१३ अंश आणि दुपारी २७-२८, असाच इथला हिवाळा.

सेमिनरी हिल्स: चालायला पहिली पसंती

सेंट चार्ल्स सेमिनरीवरून नाव पडलेली ही टेकडी चालण्यासाठी मला शहरात सगळ्यात आवडते. चढ आहे, त्यामुळे अर्ध्या तासातच अंग तापतं. रस्त्याला झाडांची सावली आहे. एका बाजूला जपानी गार्डन, दुसरीकडे बालोद्यान, त्यामुळे नातवंडं बरोबर असली तरी सोय होते. चालणाऱ्यांची कायम वर्दळ असते, म्हणून एकट्या बाईमाणसालाही अवघडल्यासारखं होत नाही. धनेशाची जोडी, कोतवाल, नाचण, सुतार हे सगळे इथे आहेत, पण माणसांच्या आवाजाने ते रस्त्यापासून आत सरकतात. रविवारी तर इथे पक्षी पाहायला जाऊच नका.

मात्र चढापेक्षा उतार लक्षात घ्या. आमच्या आईचा गुडघा चढताना कधी दुखला नाही. उतरताना मात्र ती माझा दंड घट्ट धरायची. घरात गुडघ्याचं दुखणं असेल तर सेमिनरी हिल्स सोडा आणि जवळच्या मैदानाला फेऱ्या मारा. सपाट, ओळखीची, घरापासून पाच मिनिटांवरची जागा. चालण्याचा नेम लांबच्या सुंदर जागेपेक्षा जवळच्या साध्या जागीच जास्त टिकतो.

अंबाझरी: आठवड्यातून एकदा, पण निवांत

१८७० च्या सुमाराचा हा तलाव. काठावर उभं राहिलं की शहर पाठीमागे पडतं. पाण्यात चांदवे, टिबुकल्या, पाणकावळे हमखास. पाणकावळा पंख पसरून खुंटावर बसलेला दिसला की थांबा; तो पंख वाळवत असतो आणि बराच वेळ हलत नाही, त्यामुळे नवख्या माणसालाही मन भरेपर्यंत पाहता येतो. पलीकडचं जैवविविधता उद्यान मोठं आहे, तिथे गवताळ माळ आहे, तिकीट काढून आत जावं लागतं, सायकलीही मिळतात. माळावर हिवाळ्यात गप्पीदास गवताच्या शेंड्यावर बसतो, मध्येच खाली उतरून किडा टिपतो आणि पुन्हा शेंड्यावर जातो.

पण इथे दुर्बीण लागते. पाणपक्षी काठापासून लांब असतात, नुसत्या डोळ्यांना काळे ठिपके दिसतात आणि पहिल्यांदा आलेला माणूस हिरमुसतो. घ्यायची तर ८×४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. त्याहून जास्त मोठं दाखवणारी हातात थरथरते. शिवाय जाणं-येणं, पार्किंग, तिकीट धरून अडीच-तीन तास सहज जातात. घरी कोणी वाट पाहत असेल तर रोज हे परवडत नाही. म्हणून रविवार सोडून एखादा दिवस अंबाझरीचा ठेवा, थर्मासमध्ये चहा न्या, आणि त्या दिवशी चालण्याचा हिशोब ठेवू नका.

फुटाळा तलावावर मी सकाळी जा म्हणणार नाही. फुटाळा संध्याकाळचा, सूर्य पाण्यात उतरताना. महाराजबागेचं प्राणिसंग्रहालय नातवंडांसाठी. गोरेवाड्याचं जंगल सुरेख आहे, पण तो बेत आखून जायचा दिवस आहे.

अंगण: पाहायला पहिली पसंती

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. रोज पक्षी पाहायचे असतील तर घराबाहेर पडू नका. अंगण, गच्ची, नाहीतर नुसती बाल्कनी असली तरी चालेल. कारण इथे तोच पक्षी तुम्हाला रोज दिसतो, आणि रोज दिसला की तो ओळखीचा होतो.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटी थिरथिरा येतो. काळपट अंग, पोट विटकरी, चिमणीएवढा. मादी तपकिरी, पण शेपटी तशीच तांबूस. हिमालय आणि मध्य आशियात वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यासाठी खाली उतरतो आणि आमच्या कुंपणाच्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवतो. जमिनीवर उतरतो, किडा उचलतो, पुन्हा भिंतीवर, पुन्हा थरथर. आई खुर्ची उन्हात ओढून बसली की पहिला प्रश्न हाच:

"आला का रे तुझा शेपटी हलव्या?"

"आई, थिरथिरा म्हणतात त्याला."

"म्हणू दे. शेपटीच तर हलवतो."

आईच्या हातात काम असतं. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगा सोलायच्या, सोलेभातासाठी. नाहीतर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, निवडायचा. थंडीत तो हिरवागार आणि स्वस्त असतो, म्हणून सांबारवडी याच दिवसांत होते. यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नुसतं पक्ष्याकडे टक लावून बसलं की तो बिचकतो. हातात काम घेऊन, मान खाली घालून बसलेल्या माणसाजवळ तो खुशाल येतो. आईपासून चार हातांवर दयाळ जमीन उकरतो आणि मी कॅमेरा घेऊन दाराशी आलो की उडतो.

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं. त्या सकाळी अंगणातल्या कढीपत्त्यावर एक बुलबुल बसला होता, पिसं फुलवून नुसता गोळा झालेला, नेहमीच्या दीडपट. फुललेल्या पिसांत हवा धरून राहते आणि तीच त्याची रजई होते. कोवळं ऊन त्या फांदीपर्यंत पोचेस्तोवर तो जागचा हलला नाही, आणि आम्हीही नाही.

दाणे की पाणी?

अंगण निवडलंत तर पुढचा प्रश्न हा येतोच. माझं उत्तर पाणी आहे, आणि ते मी चुकून शिकलो. एका वर्षी मी रोज बाजरी आणि तांदळाची कणी टाकत होतो. पहिला आठवडा चिमण्या आणि होले. मग पारवे आले, आधी चार, मग तीस-चाळीस. चिमण्या हटल्या. रात्री उंदीर दिसू लागले. शेजारच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे रोज खराब होऊ लागले. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त कपड्यांची दोरी त्यांनी घरामागे नेली. ते पाहिलं त्या दिवशी दाणे बंद केले आणि जाऊन त्यांची माफी मागितली.

शिवाय दाण्यांवर येणारे पक्षी मोजकेच. थिरथिरा, दयाळ, शिंपी, वटवट्या, माशीमार हे सगळे किडे खाणारे. तुमच्या बाजरीकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. पाणी मात्र यातल्या बऱ्याच जणांना लागतं. त्यासाठी मातीचं पसरट परळ घ्या, खरबरीत, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाणी दोन बोटं, जास्त नको; मध्ये एक दगड. झुडपाजवळ ठेवा पण अगदी बुडाशी नको, पाच-सहा फूट मोकळी जागा राहू द्या, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. पाणी रोज बदला आणि परळ काथ्याने घासा.

मग पाहा. बुलबुल जोडीने येतात. एक न्हातो, दुसरा राखण करतो. सातभाई आठ-नऊ जण एकदम उतरतात आणि अर्धं पाणी बाहेर सांडतात. शिंजीर परळात उतरत नाही. आम्ही झाडांना पाणी दिलं की तो कर्दळीच्या ओल्या पानावर अंग घासून आंघोळ करतो. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं.

खायला द्यायचंच असेल तर झाडं लावा. जास्वंद आणि शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतात, कढीपत्त्याची पिकलेली फळं बुलबुल आणि कोकिळेला आवडतात. जवळपास जुना वड, पिंपळ किंवा उंबर असेल तर फळांच्या दिवसांत तिथे हरियल उतरतात, आपला राज्यपक्षी. पानांच्या रंगात इतका मिसळतो की फळ खाली पडल्यावर वर पाहावं आणि मग तो दिसावा.

अंगणाचा उणेपणा एकच, तिथे पाय मोकळे होत नाहीत. उन्हात बसून शेंगा सोलल्याने शुगर उतरत नाही. त्यामुळे अर्धा तास चालून या आणि मग खुर्ची टाका.

तर, मी कोणाला काय सांगेन? गुडघे धड असतील तर पाच दिवस सकाळी सेमिनरी हिल्स किंवा घराजवळचं मैदान, घड्याळ लावून अर्धा तास. घरी येऊन चहा आणि अंगणात तासभर. सहाव्या दिवशी अंबाझरी. घरात वयस्कर माणूस असेल आणि एकच गोष्ट निवडायची असेल, तर डोळे झाकून अंगण, कारण त्यात तेही सामील होतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाल्कनीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला, खाली पडणार नाही असं एक लहान परळ आणि जास्वंदाची एक कुंडी पुरते. दोनच महिन्यांसाठी आला असाल तर डिसेंबर-जानेवारी निवडा. फेब्रुवारीत तांबटाची टुकटुक सुरू होते, मग कोकीळ, आणि मार्चपर्यंत थिरथिरा निघून जातो. तोवर थांबणार असाल तर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते, किमान १५ मिनिटं बसून दिसेल ते मोजायचं. आई गेल्या वर्षी माझ्यासोबत बसली होती. तिने सातभाई दोनदा मोजले, कारण ते एका जागी राहत नाहीत.

संक्रांतीत मात्र तिन्ही ठिकाणी एक काम करायचं आहे. आपल्या शहरात पतंग भरपूर, आणि बंदी असली तरी नायलॉन मांजा झाडांत अडकलेला राहतो. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी लांब काठी घेऊन आपल्या अंगणातली आणि रस्त्यावरची झाडं पाहा, दिसेल तो मांजा उतरवा आणि बारीक तुकडे करूनच टाका. जखमी पक्षी सापडला तर पाणी पाजायचा प्रयत्न करू नका. त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, भोकं पाडून ठेवा आणि सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे तिथे न्या.

परळ ठेवल्यावर आठ-दहा दिवस कोणीही आलं नाही तर जागा बदलू नका. आमच्याकडे पहिला बुलबुल अकराव्या दिवशी उतरला होता.