सुटं गायगर काउंटर किट: काउंट मोजायला उत्तम, मायक्रोसीव्हर्टसाठी नाही

किरणोत्सारी ऱ्हास शिकताना विद्यार्थी जे प्रश्न हमखास विचारतात, त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं उघड्या बोर्डाच्या गायगर किटवर प्रत्यक्ष दाखवता येतात. ५ व्होल्टवर चालणारा बोर्ड, क्लिपांमध्ये बसवलेली, किरणोत्साराचे कण टिपणारी वायूभरली नळी, बझर, एलईडी आणि तीन पिनांचं आउटपुट (५ व्होल्ट, ग्राउंड, पल्स) एवढाच हा ऐवज. काही किटांसोबत छोटा डिस्प्ले येतो आणि त्यावर मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) प्रति तास असा आकडा दिसतो. किट जरूर घ्यावं, पण त्या आकड्यावर विसंबू नये.

डिस्प्ले फक्त मिनिटाच्या काउंटला, म्हणजे नळीने टिपलेल्या कणांच्या संख्येला, एका ठरलेल्या संख्येने गुणतो. एसबीएम-२० नळीसाठी हा गुणक साधारण ०.००५७ धरतात, म्हणजे मिनिटाला १७५ काउंट आले की तासाला १ मायक्रोसीव्हर्ट. हे ठरावीक ऊर्जेच्या गॅमा किरणांपुरतंच खरं. सीझियम-१३७ चे गॅमा ६६२ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे, अमेरिशियम-२४१ चे जेमतेम ६०. कमी ऊर्जेच्या गॅमांना अशी साधी नळी कितीतरी जास्त प्रतिसाद देते, त्यामुळे आकडा फुगतो. नळीत बीटा कण शिरत असतील तर त्या गुणाकाराला काही अर्थच उरत नाही. नळीला फक्त ‘एक कण आला’ एवढंच कळतं, त्याची ऊर्जा किती हे कळत नाही.

किट सुरू केल्यावर पहिली तक्रार येते ती अशी: ‘रीडिंग सारखं उड्या मारतं, खराब आहे का?’ नाही. जवळ कोणताही स्रोत नसताना एसबीएम-२० वर मिनिटाला २० च्या आसपास काउंट येतात, ते जमिनीतून, भिंतींतून आणि अवकाशातून. ऱ्हास यदृच्छ असल्यामुळे N काउंटमधली अनिश्चितता N च्या वर्गमुळाइतकी असते. २० चं वर्गमूळ साडेचार, म्हणून एका मिनिटाला १५ आणि पुढच्याला २६ येणं अगदी स्वाभाविक आहे. १० मिनिटं मोजलं तर २०० काउंट, अनिश्चितता १४, म्हणजे ७ टक्के. १ टक्का हवा असेल तर १०,००० काउंट लागतात, आणि नुसत्या पार्श्वभूमीवर त्यासाठी आठ तासांहून जास्त वेळ जातो. बझरकडेही कान द्यावा. दोन-तीन बीप पाठोपाठ येतात, मग बराच वेळ शांतता. ‘आता लगेच येणार नाही’ असा अंदाज चुकतो, कारण अणुकेंद्रकाला मागच्या बीपची आठवण नसते. एखादा अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण असंख्य अणूंपैकी निम्मे किती वेळात फुटतील (याला अर्धायुष्य म्हणतात) हे नेमकं सांगता येतं. पुस्तकातलं हे वाक्य इथे कानांनी पटतं.

जोडणीत तीन चुका वारंवार होतात. नळी उलटी बसवली जाते. तिच्या धन टोकावरची खूण बोर्डावरच्या धन खुणेकडेच यायला हवी, नाहीतर काउंट भलतेच येतात आणि नळीचं आयुष्य घटतं. दुसरी चूक म्हणजे नळीच्या टोकांवर थेट सोल्डर करणं. उष्णतेने सील उखडतं, आतला वायू निसटतो आणि नळी कायमची निकामी होते. क्लिप वापरायच्या त्या यासाठीच. तिसरी चूक सोल्डरिंगनंतरचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो चिकट पदार्थ) तसाच ठेवण्याची. दमट हवेत त्यातून उच्च व्होल्टेजच्या भागाची विद्युतधारा झिरपते, व्होल्टेज पडतं आणि काउंट हळूहळू बंद होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड घासून पुसला की बहुतेक वेळा दोष जातो.

व्होल्टेज तपासताना मात्र फसगत होते. एसबीएम-२० ला ४०० व्होल्ट लागतात आणि तिचं पठार, म्हणजे व्होल्टेज बदललं तरी काउंट फारसे बदलत नाहीत तो पट्टा, ३५० ते ४७५ च्या दरम्यान आहे. साध्या मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगाओहम असतो. तो थेट लावला की एवढ्याशा सर्किटवर त्याचाच भार पडतो आणि रीडिंग खूप कमी येतं. ते बघून प्रीसेट (व्होल्टेज कमी-जास्त करायचा बोर्डावरचा छोटा स्क्रू) वाढवत नेला तर खरं व्होल्टेज पठाराच्या बाहेर जातं. मीटरच्या मालिकेत १ गिगाओहमचा रेझिस्टर घालावा आणि आलेल्या आकड्याला १०१ ने गुणावं, मीटरवर ३.९६ दिसलं की नळीवर ४०० आहेत. विद्युतधारा फार कमी असली तरी झटका जोराचा बसतो, म्हणून चालू बोर्डाला हात नको आणि वर्गात न्यायचा तर तो डब्यात बंद हवा.

नळी निवडायला मिळत असेल तर आमची पसंती एसबीएम-२० ला. तिची पातळ भिंत स्टेनलेस स्टीलची आहे. जे-३०५ सारख्या काचेच्या नळ्यांवर ऊन किंवा तेज दिवा पडला तर खोटे काउंट येऊ शकतात. दिवा लावून १० मिनिटं आणि विझवून १० मिनिटं मोजलं की हे कळतं. डबा आतून काळ्या कागदाने झाकला की पुरतं. अल्फा कण या दोन्ही नळ्यांना दिसत नाहीत. ५.५ मेगाइलेक्ट्रॉन-व्होल्टचा अल्फा हवेत सुमारे ४ सेंटिमीटर जातो, पण नळीची भिंत ओलांडू शकत नाही. अल्फासाठी अभ्रकाची खिडकी असलेली नळी लागते. ते दाखवायला स्मोक डिटेक्टर उघडणं किंवा जुन्या घड्याळाची रेडियम लावलेली तबकडी खरवडणं हे अजिबात करू नये. बाहेरून त्वचेत न शिरणारे अल्फा श्वासातून आत गेले की खरी इजा करतात.

सुरक्षित स्रोत म्हणून पोटॅशियम क्लोराइड उत्तम. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० चं प्रमाण ०.०११७ टक्के आणि त्याचं अर्धायुष्य १.२५ अब्ज वर्षं. १ ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ ऱ्हास होतात, म्हणजे १०० ग्रॅम क्षारात १,६०० च्या आसपास. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत क्षार सपाट पसरून नळी त्यावर टेकवावी आणि ३० मिनिटं मोजावं. मग तेवढंच साधं मीठ ठेवून पुन्हा ३० मिनिटं. मिठावर ६०० काउंट आले असतील तर दोन मोजणींच्या फरकातली अनिश्चितता ३५ च्या आसपास येते, म्हणून फरक १०५ हून जास्त असेल तरच तो खरा मानावा. ढीग उंच करून उपयोग नाही. काही मिलिमीटरखालचे बीटा क्षारातच अडकतात. ‘मग केळ्यावर का दिसत नाही?’ केळ्यात सेकंदाला जेमतेम १५ ऱ्हास होतात आणि त्यातले बहुतेक बीटा गरातच थांबतात. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा एक थर घातल्यावर काउंट कमी झाले नाहीत, तर त्यातही चूक नाही. हे बीटा पुरते अडवायला साधारण २ मिलिमीटरची पट्टी लागते, फॉइल तिच्या शंभराव्या भागाइतकी पातळ असते. क्षार काढल्यावर काउंट लगेच पूर्ववत होतात, तेव्हा ‘नळी किरणोत्सारी झाली का?’ याचंही उत्तर मिळतं.

किटचं खरं चीज होतं ते फुग्याच्या प्रयोगात. खोलीच्या हवेत जमिनीतून आलेला रेडॉन-२२२ असतो. त्याच्या ऱ्हासातून तयार झालेली मूलद्रव्यं धूलिकणांना चिकटतात आणि विद्युतभारित फुगा त्यांना ओढून घेतो. तळमजल्यावरची खोली काही तास बंद ठेवावी, पंखा बंद. रबरी फुगा फुगवून लोकरीवर नीट घासावा आणि ४५ मिनिटं टांगावा. मग गाठीजवळ बारीक छिद्र पाडून हवा सोडावी, पृष्ठभागाला कमीत कमी हात लावावा आणि दोन मिनिटांच्या आत तो नळीवर पसरावा. दर ५ मिनिटांचे काउंट दीड तास नोंदवावेत. दमट हवेत विद्युतभार निघून जातो आणि फुगा काहीच गोळा करत नाही. कोरडा दिवसच निवडावा.

अर्धायुष्य काढताना बहुतेकांचं गणित एकाच जागी चुकतं. लॉग आलेख काढण्याआधी पार्श्वभूमी वजा केलेली नसते. ती राहिली की शेवटचा भाग सपाट होतो आणि अर्धायुष्य उगाच लांबतं. समजा ५ मिनिटांत ४०० आले आणि पार्श्वभूमी १०० आहे, तर निव्वळ ३००, अनिश्चितता सुमारे २०. शेवटी निव्वळ ४० उरले की अनिश्चितता निदान १२ असते, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. ते बिंदू आलेखावर असावेत, पण रेषा त्यांच्या भरवशावर ओढू नये.

उत्तर साधारण ३५ ते ४५ मिनिटांच्या दरम्यान येतं आणि विद्यार्थी पुस्तकात शोधतात तर असं समस्थानिक सापडत नाही. तिथे दोन ऱ्हास एकामागोमाग चाललेले असतात: शिसं-२१४ (सुमारे २७ मिनिटं) फुटून बिस्मथ-२१४ (सुमारे २० मिनिटं) होतं आणि नळीला दोघांचेही बीटा दिसतात. शिसं फुटत असताना बिस्मथची भर पडत राहते, म्हणून सुरुवातीची घट मंद असते. पुढे उतार २७ मिनिटांकडे वळतो, पण तोवर काउंट क्षीण झालेले असतात. हाच आलेख ‘दोन अर्धायुष्यांत सगळं संपतं ना?’ या प्रश्नालाही पुरतो. निम्म्याचं निम्मं होतं, शून्य होत नाही. फुगा मध्ये अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून परत आणला तरी पुढचे बिंदू त्याच वक्रावर पडतात, कारण थंडीचा परिणाम रासायनिक क्रियांवर होतो, अणुकेंद्रकावर नाही.

नोंदी आर्डुइनो उनोवर (प्रोग्रॅम करता येणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घ्यायच्या तर पल्स पिन २ ला देऊन इंटरप्ट वापरावा, म्हणजे पल्स येताच बोर्ड हातातलं काम थांबवून ती मोजतो. लूपमध्ये पिन वाचत बसलं तर डिस्प्ले बदलताना आलेल्या पल्स हुकतात. ३.३ व्होल्टच्या बोर्डाला हे ५ व्होल्टचं आउटपुट थेट जोडू नये, मध्ये दोन रेझिस्टरचा विभाजक घालावा.

व्यस्त वर्गाचा नियम (अंतर दुप्पट केलं की तीव्रता चौथाई) तपासायला मात्र हे किट घेऊ नका. क्षाराचा स्रोत फार दुबळा आहे, आणि १० सेंटिमीटर लांबीची नळी जवळच्या स्रोतासाठी बिंदू मानता येत नाही. सुरक्षेचं साधन म्हणून तर मुळीच नाही. प्रत्येक काउंटनंतर एसबीएम-२० सुमारे १९० मायक्रोसेकंद आंधळी असते. सेकंदाला १०० काउंटपर्यंत तूट २ टक्केच, पण १,००० दिसत असतील तर खरे १,२३५ असतात, आणि फार तीव्र किरणोत्सारात अशी नळी पूर्ण गप्पही होऊ शकते.