पेनड्राइव्हवरचा ‘पोर्ट’ आणि माझे साडेचोवीस हजार

मी नौपाड्यात राहतो, नोकरी ऐरोलीला. लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सात-आठ वर्षं वापरतोय, म्हणजे मला हे कळायला हवं होतं. आधीच कबूल करून टाकतो.

माझा जुना फोन अँड्रॉइड १० वर अडकला होता. बॅटरी ठणठणीत, स्क्रीन चांगला, फक्त अपडेट बंद. लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडचीच स्वयंसेवकांनी बनवलेली आवृत्ती, फुकट मिळतं, पण त्यांच्या यादीत माझं मॉडेल नव्हतं. टेलिग्रामवर कोपरखैरणेचा एक मुलगा भेटला. “दादा, तुमच्या मॉडेलसाठी मी स्वतः पोर्ट केलंय. स्क्रिप्ट चालवा, वीस मिनिटांत काम.” पोर्ट म्हणजे ती प्रणाली एखाद्या मॉडेलवर चालेल अशी जुळवून घेणं, आणि स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल. बाराशे रुपये ठरले. वाशी स्टेशनबाहेर त्याने पेनड्राइव्ह दिला. वर वडापावही मीच खाऊ घातला!

घरी लॅपटॉपवर स्क्रिप्ट सुडो देऊन, म्हणजे तिला पूर्ण अधिकार देऊन, चालवली. तीनशे ओळी कोण वाचतो? बूटलोडर (फोन चालू होताना आतली प्रणाली तपासून सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक झाला, डेटा पुसला गेला (तो जातोच), रॉम, म्हणजे ती नवी प्रणाली, बसली. फोन पळू लागला. सुरू होताना मात्र दरवेळी ‘ऑरेंज स्टेट’ असा इशारा यायचा. त्याचा अर्थ असा की बूटलोडर उघडा आहे, त्यामुळे आत काय बसवलंय याची खात्री फोन देऊ शकत नाही. त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “ते काही नसतं दादा, पाच सेकंदांत जातं.” इशारा खरंच पाच सेकंदांत जायचा.

अकराव्या दिवशी रात्री साडेबाराला ईमेल आला, कार्डावरून २४,५०० रुपये गेल्याचा. एसएमएस एकही नव्हता, ओटीपीचासुद्धा नाही. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला. त्यातले नऊ हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर पुढे सरकले होते. बँकेने हलगर्जी माझी ठरवली. आरबीआयच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाच्या चुकीने झालेलं नुकसान, कळवेपर्यंतचं, त्याच्याच माथी मारलेलं आहे. मी स्वतः बूटलोडर उघडला होता, मग भांडायचं कुठल्या तोंडाने?

मग स्क्रिप्ट उघडून वाचली. मधोमध बेस-६४ ची, म्हणजे मजकूर न वाचता येणाऱ्या अक्षरांत बदलून ठेवलेली, एक लांबलचक ओळ होती. उलगडली तर तिने लॅपटॉपच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) एक काम टाकलेलं. एडीबीने (लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) फोनमधल्या सिस्टिम ॲपची यादी काढली, तर ‘सिस्टिम हेल्पर’ नावाचं, चिन्ह नसलेलं एक ॲप निघालं. त्याला एसएमएस वाचायची परवानगी होती, ॲक्सेसिबिलिटीचीही, म्हणजे स्क्रीनवरचं वाचायची आणि बटणं दाबायची. कीबोर्डसुद्धा त्या मुलाच्याच रॉममधला, आणि कार्डाचा नंबर मी त्याच कीबोर्डवर टाइप केला होता. नक्की कुठून गेला ते सिद्ध करता येत नाही, पण दुसरं दार मला दिसत नाही.

अशी रॉम कोणी घेतली असेल तर फॅक्टरी रीसेटवर विसंबू नका. तो डेटा पुसतो, सिस्टिम विभागातलं ॲप तिथेच राहतं. कंपनीचं मूळ फर्मवेअर (फोनची मूळ प्रणाली) पूर्ण फ्लॅश करा, म्हणजे नव्याने चढवा, लॅपटॉपही नव्याने बसवा आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

मी त्या मुलाला मेसेज केला तेव्हा त्याने मला ब्लॉक केलं. मित्राच्या फोनवरून पाहिलं, तर कालच त्याने नवी जाहिरात टाकलीय. भाव पंधराशे झालाय.