वाफा भाड्याने घेताय? आधी जागा कुणाची ते बघा

सामूहिक बागेत भाजीचा वाफा भाड्याने देतो म्हणून एका संयोजकाने माझ्याकडून २१,३५० रुपये उकळले. जागा त्याच्या मालकीची नव्हती, संस्था कागदावरही नव्हती आणि माझा म्हणून दाखवलेला वाफा त्याने आणखी तिघांना दिलेला होता. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. घरात विषय निघाला तरी मी उठून जाते. पण तशीच जाहिरात, तेच फोटो, फक्त बागेचं नाव बदललेलं, परवा पुन्हा फिरताना दिसली. मग गप्प बसवेना.

पैसे असे गेले. वर्षाचं भाडं ९,६०० रुपये आगाऊ. अनामत ५,०००. लाल माती, शेणखत, गांडूळखत मिळून ३,४५०. ठिबकचे १,८००. आणि शेवटी ‘कुंपणाची वर्गणी’ १,५००. एकदम कुणी मागितले असते तर मी दहा वेळा विचार केला असता. थोडे थोडे काढून घेतात. आधीचे अडकलेले असतात, म्हणून आपण पुढचे देत राहतो. ‘मोजकेच वाफे उरलेत, आज भरलेत तर नंबर पक्का’ हा पुढचा भाग सगळ्यांना पाठ आहे.

मला कुणी भोळी म्हणू नका. मी जागा बघायला गेले होते. कुंपण होतं, नळ्या टाकलेल्या होत्या, लोक खुरपं घेऊन बसलेले दिसत होते. ते माझ्यासारखेच पैसे भरून आलेत हे मला कसं कळावं? करारनामा पाचशेच्या स्टॅम्पवर होता, नोटरीचा शिक्का होता. आता कळलंय ते ऐका: सही कुणी केली एवढंच नोटरी बघतो. जमीन कुणाची याच्याशी त्या शिक्क्याचा काही संबंध नाही.

आणि मी हे हौसेखातर केलं नव्हतं. माझे सासरे, अण्णा, गावची जमीन विकून आमच्याकडे राहायला आले तेव्हापासून बाल्कनीतल्या चार कुंड्यांभोवती फिरत असतात. त्यांना हात घालायला हातभर माती मिळावी, एवढंच मनात होतं.

खटकायला हवं होतं ते ताबा घ्यायला गेलो तेव्हा. दहा बाय दहाचा वाफा, कोपऱ्यात बांबूची खुंटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात १७. आणि वाफ्यात मेथी उगवलेली! नुकतीच दोन पानांवर आलेली, ओळी सुतात. मी विचारलं, तर तो म्हणाला, “ताई, तुमच्यासाठीच पेरून ठेवली. आमच्याकडून भेट.” मला बरंच वाटलं. अण्णा मात्र उकिडवे बसले, एका ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही जाणत्या हातची पेरणी आहे. ज्यानं पेरली तो येईल बघ काढायला.” मी त्यांनाच गप्प केलं. माणसासमोर कशाला शंका काढायची म्हणून. खुंटीवरचा रंग ओला होता, माझ्या बोटाला लागला. त्याखाली दुसऱ्या कुणाचं आडनाव अर्धवट खरवडलेलं दिसत होतं. हे सगळं मी बघितलं, आणि तिथेच उभं राहून फोनवरून ठिबकचे १,८०० पाठवले. पाठवताना पडद्यावर संस्थेचं नाव आलं नाही, एका बाईचं आलं. “संस्थेचं खातं उघडायचं चाललंय, तोवर वहिनींच्या खात्यावर घेतोय.” तो एक क्षण आठवला की आजही झोप लागत नाही. पिन टाकायच्या आधी दिसणारं नाव वाचा. संस्थेचे पैसे वहिनीच्या खात्यात जात असतील तर तिथून निघा.

मेथी पेरणारे गृहस्थ खरंच आले. त्यांच्याकडेही १७ नंबरचीच पावती. आमची तिथे तोंडातोंडी झाली, ते मला चोर म्हणाले. संयोजक “नंबर लिहिताना चूक झाली, उद्या मिटवतो” म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. मग पालिकेचा जेसीबी आला, कुंपण पडलं. जागा उद्यानासाठी आरक्षित, पालिकेच्या ताब्यातली.

आता ज्यांच्याकडे न्याय मागायला गेलो त्यांचं सांगते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. पण खात्यातले पैसे केव्हाच काढून झाले होते. ही तक्रार पैसे गेल्या गेल्या काही तासांत केली तरच रक्कम गोठवायची आशा असते. पोलीस ठाण्यात गेले तर करारनामा बघून म्हणाले, “हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” जो करार मला फसवायला केला, तोच करार त्याच्या बचावाला! साधा अर्ज ठेवून घेतला, पोचसुद्धा मागून घ्यावी लागली. दुसऱ्याची जागा आपली म्हणून सांगून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितलंय. हे मी टेबलासमोर उभं राहून सांगितलं, तर मला विचारलं, “तुम्ही वकील आहात का?”

पालिकेत तर कहर. उद्यान विभागाने मालमत्ता विभागाकडे पाठवलं, त्यांनी वॉर्ड ऑफिसकडे, वॉर्ड ऑफिसने परत उद्यान विभागाकडे. एका साहेबांनी मलाच ऐकवलं, “अतिक्रमण तुम्हीच केलं होतं ना?” पालिकेच्या मोकळ्या जागेवर दिवसाढवळ्या कुंपण उभं राहतं, पावत्या फाटतात, टँकरने पाणी येतं, तेव्हा एकाही कर्मचाऱ्याला दिसत नाही. दिसतो तो भाजी लावणारा माणूस! त्या जागेवर पालिकेचा साधा फलक असता तर आमच्यापैकी एकानेही रुपया दिला नसता.

ग्राहक आयोगाचं लोक सुचवतात. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, हे खरं. पण नोटीस पाठवायची कुठे? करारातल्या पत्त्यावर कुलूप आहे. त्यामुळे पैसे देण्याआधी त्या पत्त्यावर स्वतः जाऊन या.

सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा किंवा मिळकत पत्रिका फुकट बघता येते. नाव जुळत नसेल तर मालकाचं संमतीपत्र मागा. विकास आराखड्यात आरक्षण आहे का ते नगररचना विभागात विचारा, झोन दाखला मिळतो. संस्था म्हणत असतील तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी दाखवायला लावा. पाणी कुठून येतं ते जरूर विचारा. नळजोड नाही, बोअर नाही, नुसता टँकर, म्हणजे जागेवर त्यांचा पाय टिकलेला नाही. आणि शेजारच्या वाफ्यावर कुणी असेल तर त्याची पावती बघा. मी लाजेपोटी बघितली नाही.

ठाण्यात एफआयआर नाकारला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, लेखी तक्रार टपालाने पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. मी रजिस्टर टपालाने पाठवली आहे. मेथीवाले गृहस्थ आता माझ्यासोबत आहेत, त्यांचे १९,८५० गेलेत. १७ नंबरचे उरलेले दोघे सापडले की चौघांच्या पावत्या एकत्र जोडून पुढचा अर्ज देणार आहोत. तुमच्याकडे अशी पावती असेल तर फाडून टाकू नका, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट फोनमधून काढू नका, आणि तुमच्या ठाण्यात लेखी तक्रार करून पोच घ्या.