सॉनिक मेनिया: उताराचा वेग परत आला

सेगाच्या जुन्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरच्या ‘सॉनिक’ या धावण्या-उड्यांच्या व्हिडिओ गेमची खरी मजा उतारात होती. उतारावर अंगाचा गोळा केला की वेग चढतो, चढावर मोडतो, आणि उडी मारताना जो वेग असेल तो हवेतही टिकतो. २०१० च्या ‘सॉनिक ४: एपिसोड १’ने नेमकं हेच घालवलं. हवेत दिशेचं बटण सोडलं की सॉनिकचा वेगच मरायचा. २०१७ च्या ‘सॉनिक मेनिया’त ग्रीन हिल या झोनच्या, म्हणजे टप्प्याच्या, पहिल्याच उतारावर हा फरक हाताला कळतो.

नवी भर म्हणजे ड्रॉप डॅश, उडीतून जमिनीला टेकताच गोळा होऊन सुसाट सुटायची चाल. १९९२ च्या ‘सॉनिक २’मधल्या स्पिन डॅशसाठी, म्हणजे जागीच गिरकी घेऊन सुटायला, थांबून, खाली वाकून बटण दाबावं लागतं. इथे थांबायचंच नाही. उडी मारा, बटण सोडा, हवेत पुन्हा दाबा आणि जमिनीला टेकेपर्यंत दाबूनच ठेवा. पहिलंच बटण धरून ठेवलं तर काही होत नाही, आणि टेकायच्या आत सोडलं तर डॅश रद्द. छत बुटकं असेल तर डॅश भरायला वेळच मिळत नाही. पुढे काटे असतील तर सॉनिक थेट त्यांत घुसतो, म्हणून अनोळखी जागी आवरा.

‘सॉनिक ३’ची आग, पाणी आणि विजेची कवचं इथेही आहेत, पण ती भोवतालाशी जास्त बोलतात. ऑइल ओशन झोनमध्ये आगीचं कवच घालून तेलात उतरलं की तेल पेटतं!

एकूण १२ झोन, पण त्यातले ८ जुनेच. दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे झोनच्या दुसऱ्या भागात, त्यांची मांडणी पार बदलते हे खरं, तरी स्टुडिओपोलिस पाहिल्यावर असे नवे झोन आणखी हवे होते असंच वाटतं. ‘सॉनिक ३ अँड नकल्स’मध्ये एका झोनमधून दुसऱ्यात जाताना सलग प्रवास जाणवायचा. तो धागा इथे विरळ आहे.

त्रासाची गोष्ट एकच. लाइफ संपल्या की त्या झोनच्या पहिल्या अ‍ॅक्टपासून सुरुवात, आणि प्रत्येक अ‍ॅक्टला १० मिनिटांची जुनी मर्यादाही कायम. टायटॅनिक मोनार्कचा दुसरा अ‍ॅक्ट इतका लांबलचक आहे की तिथे रिंग, म्हणजे सोनेरी कडी, शोधत रेंगाळलात तर वेळच जीव घेते.

एमराल्ड नावाची रत्नं जिंकायच्या स्पेशल स्टेजची वाट ‘सॉनिक ३’सारखीच लपलेल्या मोठ्या रिंगमधून जाते. आत नुसत्या रिंग गोळा करू नका. रिंगांनी फक्त वेळ वाढतो, वेग वाढतो तो निळ्या गोळ्यांनी. आधी गोळे घेऊन माक ३ हा सर्वात मोठा वेग गाठा, मगच एमराल्ड घेऊन पळणाऱ्या यूएफओच्या मागे लागा. वळणावर आतली बाजू धरा. सातही एमराल्ड हाती आले की ५० रिंग झाल्यावर हवेत वेगळं बटण दाबून सुपर सॉनिक या जास्त ताकदवान रूपात जाता येतं. ‘सॉनिक २’मध्ये साध्या उडीसरशी नको असतानाही रूप पालटायचं, ती कटकट इथे नाही.